तीन फुटांची तुळई : अविनाश साबळे दालनाच्या प्रकल्प नोंदी

१६ जून २०२५, सोमवार

शाळा उघडली. २९ मे रोजी दक्षिण कोरियातल्या गुमीला धावपटू अविनाश साबळेनं आशियाई अजिंक्यपदाचं सुवर्ण घेतलं, ८ मिनिटं २०.९२ सेकंद. तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी होती, त्यामुळे पोरांशी बोलायचं राहून गेलं होतं. आज पहिल्याच तासाला विषय काढला. त्याचं गाव, आष्टी तालुक्यातलं मांडवा, सगळ्यांना माहीत आहे, दोघांचे तर तिकडे पाहुणे आहेत. पण तो नेमकं काय पळतो, हे नववीच्या वर्गात कुणालाच धड सांगता आलं नाही. एकानं मॅरेथॉन म्हटलं, एकानं शंभर मीटर.

मैदानाच्या कडेची भांडारखोली रिकामी करून तिथं दालन करायचं मोठ्या बाईंनी मान्य केलं. मुदत २९ ऑगस्ट, राष्ट्रीय क्रीडादिन. खर्च म्हणाल तर चुना, रंग, खिळे, आणि आमचे हात.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मधोमध पदक ठेवायचं ना?"

पदक आपल्याकडे नाही आणि आपण ते मागायचंही नाही, असं मी सांगितलं. ज्या आईबापांनी शेतात राबून, वीटभट्टीवर काम करून लेकरू वाढवलं, त्यांच्या घरचं ते आहे. सोनेरी रंग मारलेलं खोटं पदक तर नकोच. पोरं हिरमुसली. मग दालनात ठेवायचं काय, हा प्रश्न मलाही घरापर्यंत पुरला.

१७ जून

रात्री ट्रंक उघडली. तळाशी माझा कापडी चेस्ट नंबर सापडला, २१४. १९९६ ची जिल्हा क्रॉसकंट्री. शाई फिकट झालीय, पण चारही कोपऱ्यांत सेफ्टी पिनांच्या गंजाचे डाग पक्के बसलेत. त्या दिवशी सकाळी पाऊस पडून गेला होता आणि नांगरटीच्या रानातून पळताना पायाला किलोकिलोचा चिखल चिकटत होता. मी एकतिसावा आलो. प्रमाणपत्र कुठं गेलं माहीत नाही, हा कपडा मात्र एकोणतीस वर्षं मी टाकू शकलो नाही.

त्यावरून एक सुचलं. स्पर्धेची आठवण पदकापेक्षा अंगाला लागलेल्या गोष्टींत जास्त राहते. साबळेच्या अंगाला काय लागलं? अडथळा, पाणी आणि सेकंद. या तिन्ही गोष्टी आपल्याला इथं करता येतील.

२० जून

पहिलं काम भिंतीचं. साबळे पळतो ती ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत. तिचा राष्ट्रीय विक्रम त्यानं दहा वेळा मोडला. पहिल्यांदा तो गोपाल सैनींचा होता, त्यापुढच्या नऊ वेळा त्याचा स्वतःचाच. सगळे आकडे पोरांकडून फळ्यावर लिहून घेतले:

गोपाल सैनी, १९८१ : ८:३०.८८
भुवनेश्वर, २०१८ : ८:२९.८०
पतियाळा, २०१९ : ८:२८.९४
दोहा, २०१९, प्राथमिक फेरी : ८:२५.२३
दोहा, २०१९, अंतिम फेरी : ८:२१.३७
पतियाळा, २०२१ : ८:२०.२०
टोकियो ऑलिंपिक, २०२१ : ८:१८.१२
तिरुवनंतपुरम, २०२२ : ८:१६.२१
रबात, २०२२ : ८:१२.४८
बर्मिंगहॅम, २०२२ : ८:११.२०
पॅरिस, ७ जुलै २०२४ : ८:०९.९१

सैनींचा विक्रम सदतीस वर्षं टिकला. आधी आम्ही त्यांचं नाव लिहिलंच नव्हतं, यादी साबळेपासून सुरू केली होती. एका मुलीनं विचारलं, "सर, त्यानं मोडला तो कुणाचा होता?" बरोबर विचारलंस बाई. सैनींचं नाव आता सगळ्यात वर आहे आणि अक्षरं बाकीच्यांच्या बरोबरीनं मोठी आहेत.

दोहाच्या दोन ओळींपाशी मी बराच वेळ थांबलो. त्या प्राथमिक फेरीत पुढचे धावपटू पडले आणि साबळे दोनदा अडखळला. तरी विक्रम झाला. भारतीय पथकानं दाद मागितली, ती मान्य झाली, आणि अंतिम फेरीत त्यानं विक्रम पुन्हा खाली आणला. अडखळूनही घड्याळ सोडायचं नाही, हे त्या दोन ओळींत दिसतं. वर्गात सांगताना माझा आवाज चढला असावा, शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन उभे राहिले.

२३ जून

आकड्यांवरून पोरांना काही उमगत नाही. वीस सेकंद म्हणजे काय? चप्पल घालायला लागतात तेवढे. म्हणून गणिताच्या तासाला अंतर काढलं. २०१८ चा साबळे आणि २०२४ चा साबळे एकाच शर्यतीत सोडले आणि दोघंही आपापल्या सरासरी वेगानं पळाले, तर चोवीसचा पोचेल तेव्हा अठराचा जवळजवळ ११७ मीटर मागे असेल.

टेप घेऊन मैदानात गेलो. फाटकापासून मोजत निघालो तर ११७ मीटर थेट हापशापाशी आले. फाटकाला एक पोरगा उभा केला, हापशापाशी दुसरा. "हा पण तोच आणि तो पण तोच," असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे गप्प झाले. हापशाच्या खांबावर पांढरा पट्टा मारून '२०१८' लिहिलं. दालनाची पहिली वस्तू दालनाबाहेरच लागली.

२६ जून

सुतारकाकांकडे गेलो. स्टीपलचेसचा अडथळा खऱ्या मापाचा करायचाय म्हणून कागद पुढं ठेवला: उंची ९१.४ सेंटिमीटर, रुंदी किमान ३.९४ मीटर, वरची तुळई १२.७ सेंटिमीटर चौरस, पाण्याचा खड्डा ३.६६ मीटर.

काकांनी चष्मा वर केला. "हे असलं माप कोण देतं, सर? तीन फूट म्हणा की सरळ. आणि ही पाच इंची चौरस. रुंदी जवळजवळ तेरा फूट. खड्डा बारा फूट."

खरंच की! हे कागद मी किती वर्षं हाताळतोय, पण कधी लक्षात आलं नव्हतं. हा खेळ फूट-इंचांच्या देशात, इंग्लंडमध्ये वाढला, आणि मीटर आल्यावर जुनीच मापं सेंटिमीटरमध्ये लिहिली गेली. काकांना ते एका नजरेत दिसलं. मुलींच्या अडथळ्याचे ७६.२ सांगितल्यावर ते लगेच म्हणाले, "अडीच फूट."

लाकडाचा प्रश्न आहे. चार मीटर सरळ बाभूळ कुठून आणायची? निलगिरी मिळेल, पण ओली असली तर पीळ घेणार.

१ जुलै

तुळई मिळाली. आमच्याच गल्लीतलं एक माळवद पाडलं, त्याचे सर, म्हणजे छताच्या तुळया, अंगणात पडून होते. घरच्या आजींनी एक शाळेला दिला. कडुलिंबाचं लाकूड, शंभर वर्षांच्या आसपासचं असावं, चुलीच्या धुरानं काळंभोर झालेलं. रंधा मारायला लागल्यावर आतून तांबूस रंग निघाला आणि अख्ख्या सुतारनेटात कडवट वास पसरला. आजी काठी टेकत बघायला आल्या. "याच्याखाली माझी पाच बाळंतपणं झाली," म्हणाल्या. मग त्यावर काय करणार ते विचारलं. मी सांगितलं, पोरं यावरून उड्या मारणार. त्यांनी तुळईवर हात फिरवला. "मारू द्या. लई वर्षं नुसतं वझं धरलंय त्यानं."

हे वाक्य अडथळ्यावर कोरायचं माझ्या मनात होतं. काका म्हणाले, तुळईला खाच पाडू नका, तिथं पाय बसतो. मग भिंतीवर लिहू.

९ जुलै

आषाढीत दोन दिवस काम बंद होतं. आज पाय बसवले, खाली बाभळीचे जाड आडवे ठोकळे. कुसवं काकांनी अशी घट्ट बसवलीत की खिळा फक्त नावाला. अडत दुकानाच्या काट्यावर नेऊन वजन केलं: ८४ किलो. नियमात ८० ते १०० बसतं, आपण नेमके आत.

वजन का लागतं ते पोरांना दाखवलं. साधा हर्डल पाय लागला की आडवा होतो. हा हलत नाही. इथं चुकलं तर धावणाराच आडवा होतो. पूर्ण शर्यतीत असे अठ्ठावीस, शिवाय पाण्याचे सात. पस्तीस वेळा अंग उचलायचं आणि मधल्या पट्ट्यात पळायचं राहतंच. साबळेचा पॅरिसचा वेग काढला तर चारशे मीटरला सरासरी ६५.३ सेकंद पडतात, आणि यात सगळ्या उड्या धरलेल्या आहेत.

१२ जुलै, शनिवार

काल रात्री मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये साबळे पाण्याच्या अडथळ्यापाशी पडला. शर्यत पूर्ण झाली नाही.

सकाळी शाळेत आलो तर पोरं माझ्या आधी मैदानात होती. खड्ड्यासाठी फक्की मारून ठेवली होती त्या चौकोनाभोवती उभी, कुणी आत पाय ठेवत नव्हतं. आज खणायला सुरुवात करायची ठरली होती. मी फावडं हातात घेतलं आणि परत ठेवलं. प्रार्थना झाली, वर्ग झाले. दुपारी एकानं हळूच विचारलं, "सर, आता दालन करायचं का?"

करायचं म्हणालो. त्याच्या पुढं काय बोलावं ते मला सुचलं नाही, म्हणून बोललो नाही.

१५ जुलै

खणायला लागलो. काळी माती, वर पाऊस. सकाळी खणलेल्या कडा संध्याकाळपर्यंत ढासळतात. अडथळ्याच्या बाजूला पन्नास सेंटिमीटर खोल, मग तळ उतरता वर येत ट्रॅकला मिळतो. म्हणजे जितकी लांब उडी, तितकं पाणी कमी. पहिलवानासारखी ताकद लावून जवळ पडलात तर गुडघाभर पाण्यात. म्हणूनच बहुतेक धावपटू इथं तुळईवर पाय देतात आणि तिच्यावरून स्वतःला पुढं ढकलतात. कोरड्या अडथळ्यावर मात्र पाय न टेकता वरून जाणं फायद्याचं, कारण टेकलं की लय मोडते.

हे सांगून झाल्यावर मुलं खड्ड्याकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागली. मोनॅकोचं भय त्यांच्या मनात होतं. कुठं आणि का पडायला होतं, हे समजल्यावर ते जरा माणसाळलं.

२१ जुलै

कडा टिकेनात म्हणून शेततळ्याचा उरलेला जाड कागद एका पालकांनी आणून दिला. तो अंथरून कडेला दगड दाबले. रात्री पाऊस झाला आणि सकाळी खड्डा काठोकाठ भरलेला. पाण्यावर बेडूक. पोरं खूश.

२९ जुलै

साबळेच्या गुडघ्याची दुखापत मोठी आहे, अस्थिबंध फाटलाय. यंदाचा हंगाम गेला, सप्टेंबरातली टोकियोची जागतिक स्पर्धाही गेली. तो तिशी ओलांडलेला धावपटू आहे हे मला माहीत आहे, पोरांनाही हिशेब येतो. यावर वर्गात मी भविष्य सांगत बसलो नाही. जे घडून गेलंय ते सांगितलं: बारावीनंतर सैन्यात, महार रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनमध्ये. सियाचीनची थंडी, मग राजस्थानचं वाळवंट. धावायला खरी सुरुवात झाली ती सैन्यातल्या क्रॉसकंट्रीपासून, म्हणजे तोवर वयाची विशी उलटलेली होती. मधल्या काळात वजन वाढलं होतं, ते प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या हाताखाली उतरवलं. आपल्याकडं चौदाव्या वर्षी पोराला जिल्ह्याला पदक नाही मिळालं की घरचे म्हणतात, सोड नाद. या माणसाला चौदाव्या वर्षी कुणी ओळखतही नव्हतं. शाळेला पायी जात-येत होता, एवढंच.

एक भिंत रिकामी ठेवायचं ठरलं. तिथं सध्या काही लावायचं नाही.

६ ऑगस्ट, बुधवार

मुद्दाम आजची तारीख धरून ठेवली होती. तीन वर्षांपूर्वी आजच्याच दिवशी बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल शर्यत झाली. केनियाचा अब्राहम किबिवोट ८:११.१५, साबळे ८:११.२०. फरक ०.०५ सेकंद.

१९९८ पासून या शर्यतीची तिन्ही पदकं दरवेळी केनियानंच नेली होती. सहा स्पर्धा, अठरा पदकं, एकही बाहेर गेलं नाही. त्या भिंतीला पहिली खिंड मांडव्याच्या माणसानं पाडली. रौप्य मिळालं म्हणून मी त्या रात्री नाचलो होतो, आणि तेवढ्यासाठी सुवर्ण हुकलं म्हणून झोपही लागली नव्हती. दोन्ही खरं.

०.०५ सेकंद कसे दाखवायचे यावर आठवडाभर डोकं खाल्लं. शेवटी गुणाकार केला. त्याच्या त्या शर्यतीच्या सरासरी वेगानं इतक्या वेळात पार होतात साधारण तीस सेंटिमीटर.

तीस सेंटिमीटर! पोरांच्या दप्तरातली फूटपट्टी. शेवटच्या ओढीत वेग सरासरीपेक्षा जास्त असतो, तेव्हा पट्टीपुढं दोनेक बोटं आणखी धरा.

एका मुलीनं कंपासमधून स्वतःची प्लॅस्टिकची पट्टी काढून दिली, निळी, टोकाला चावलेली. दोन खिळ्यांवर ती भिंतीला लावली आणि खाली लिहिलं: 'बर्मिंगहॅम, ६ ऑगस्ट २०२२. तीन हजार मीटर पळून एवढं राहिलं.' दालनात यापेक्षा मोलाची वस्तू मला नको. मोठ्या बाई आल्या, वाचलं, पट्टीच्या दोन टोकांवर दोन बोटं ठेवून उभ्या राहिल्या.

८ ऑगस्ट

पाऊस उघडला म्हणून राहिलेला प्रयोग केला. आपलं मैदान दोनशे मीटरचं. तीन हजार म्हणजे पंधरा फेऱ्या. पंधरा पोरं-पोरी निवडल्या, प्रत्येकानं एकच फेरी जीव तोडून पळायची, हातात काठी, अडथळा एकही नाही. गाठायची वेळ ८:०९.९१. म्हणजे प्रत्येकाला साडेबत्तीस सेकंदांच्या वर जेमतेम श्वासभर.

पहिले तिघं वेळेत आले. मैदानभर आरडाओरडा. पाचव्यापासून सेकंद निसटायला लागले. शेवटची मुलगी आली तेव्हा घड्याळात ९:०४ झाले होते. पंधरा ताजे पाय एका माणसापुढं ५४ सेकंदांनी कमी पडले, आणि त्यानं मध्ये पस्तीस उड्या मारल्या होत्या.

कुणी हसलं नाही. गवतावर पडून सगळे धापा टाकत होते. तेवढ्यात त्यांचं त्यांनीच ठरवलं की दर शनिवारी हे पळायचं आणि वेळ दालनाच्या दारावर लिहायची. हे मी सुचवलेलं नाही, याची नोंद असावी.

१३ ऑगस्ट

माझा २१४ नंबर दालनात लावला आणि मुलांना म्हटलं, तुमच्याकडं असलं काही असेल तर आणा. वाटलं होतं दोन-चार प्रमाणपत्रं येतील. आलं ते असं: तालुका कबड्डीत फाटलेली बाही. एका आजोबांचा कुस्तीचा लंगोट, धुऊन घडी घातलेला. आईनं लग्नाआधी खो-खोत मिळवलेला स्टीलचा तांब्या, ज्यातून ते घर आजही पाणी पितं, म्हणून तो फक्त २९ तारखेपुरता मिळणार. एका पोरानं काचेचा तुकडा आणला, अनवाणी सराव करताना पायात गेलेला. आधी मी नको म्हणणार होतो. मग त्याचा तळपाय बघितला आणि काडेपेटीत कापूस घालून तो ठेवून घेतला.

मुलींनी विचारलं, आमच्यातलं कोण? माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर. रिओ २०१६ मध्ये प्राथमिक फेरीत ९:१९.७६ चा राष्ट्रीय विक्रम केला, अंतिम फेरीत दहावी आली. मोही हेही पाण्यावाचून तळमळणाऱ्या भागातलं गाव. अडीच फुटांचा दुसरा अडथळा लगेच करायला टाकला. माळवदाचा दुसरा सर आजींनी विचारायच्या आधीच काढून ठेवला होता.

२१ ऑगस्ट

हांगझोऊ २०२३ ची पाटी रंगवली: ८:१९.५०, आशियाई खेळांत स्टीपलचेसचं सुवर्ण जिंकणारा पहिला भारतीय पुरुष. शेजारी पॅरिस ऑलिंपिक २०२४: या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारा पहिला भारतीय पुरुष, अकरावा, ८:१४.१८. अकरावा हा शब्द बारीक लिहावा असं एकाचं मत होतं. मी ऐकलं नाही. जगातला अकरावा आहे, मोठ्या अक्षरातच लिहायचं.

उद्या पोळा. कुणी येणार नाही.

२८ ऑगस्ट

काल गणपती बसले, त्यामुळे आज निम्मीच पोरं. खड्ड्यातला गाळ उपसला, ताजं पाणी भरलं. तुळईवर तेलाचा हात दिला आणि लगेच चूक लक्षात आली: निसरडी होणार. रात्री आठपर्यंत सुतारकाका आणि मी राखेनं आणि पॉलिशपेपरनं घासत बसलो. हाताला अजून लिंबाचा वास येतोय.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी साडेनऊला दालन उघडलं. फीत कापायला बाहेरून कुणाला बोलावलं नव्हतं, माळवदवाल्या आजींनी दाराची कडी काढली. त्या फार आत गेल्याच नाहीत. तुळईपाशी बसून राहिल्या आणि जो येईल त्याला सांगत होत्या, ही आमच्या घरची.

लोक पट्टीपाशी थांबतात, हे दिवसभर बघितलं. ट्रॅक्टरवाले, दूधवाले, दोन निवृत्त फौजी. एक फौजी रिकाम्या भिंतीसमोर उभे राहिले आणि इथं काय लावायचं राहिलंय म्हणाले. नववीतला पोरगा म्हणाला, "त्याचा गुडघा बरा होईस्तोवर थांबलोय."

अडीच फुटांच्या अडथळ्यावरून अकरा मुली गेल्या. पाण्यावरून फक्त एक. तुळईवर डावा पाय दिला, पुढं झेपावली, उजवा पाय पाण्याच्या अगदी कडेला पडला आणि सलवार पोटरीपर्यंत भिजली. बाहेर येऊन तिनं आधी मागं वळून अंतर बघितलं, मग टेप मागितला.

शनिवारची वेळ दारावर लिहिलेली आहे: ८:५७. सोमवारी खड्ड्याचा डावा कोपरा नीट करायचा, तिथला कागद दगडाखालून सुटलाय. तांब्या आजच परत पोचवला.